खेळ आपला, नावे कुणाकुणाची?

मराठी नाटकाला नियमाने जाणाऱ्या माणसाला तिसऱ्या घंटेनंतरचे मिनिटभर चांगले ठाऊक असते. दिवे मंदावतात, पडदा अजून बंदच असतो आणि ध्वनिक्षेपकावरून नावे येऊ लागतात. लेखक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, दिग्दर्शक, निर्माता. निम्मे प्रेक्षक तेव्हा आपली खुर्ची शोधत असतात, कुणी खोकून घेत असतो, कुणी मुलाला गप्प करत असतो. तरीही ही नावे सांगितल्यावाचून पडदा वर जात नाही. पुढचे दोन-अडीच तास आपण जे पाहणार आहोत ते कुणाकुणाच्या हातचे आहे हे आधी सांगून टाकायचे, ही आपल्या रंगभूमीची जुनी शिस्त आहे.

व्हिडिओ गेमच्या धंद्याला ही शिस्त जन्मतः नव्हती. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या अटारी कंपनीसाठी एकेक प्रोग्रॅमर एकट्याने अख्खा गेम रचत असे, म्हणजे लेखक, चित्रकार, ध्वनिसंयोजक सगळे तोच. पण डब्यावर नाव मात्र फक्त कंपनीचे. वॉरन रॉबिनेट हा त्यांच्यातला एक. ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा त्याचा गेम १९८०च्या सुमारास बाजारात आला. त्याने कुणालाही न सांगता त्यात एक गुप्त खोली बांधून ठेवली. पडद्यावरचा जेमतेम दिसणारा एक राखाडी ठिपका उचलून योग्य जागी नेला की खोली उघडे आणि आत एकच ओळ झळके, हा खेळ वॉरन रॉबिनेटने घडवला! एका शाळकरी मुलाने ती शोधून कंपनीला पत्र लिहिले तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून गेलेला होता.

त्याच काळात अटारीतल्या चार प्रोग्रॅमरांनी वेगळी चूल मांडली आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. गेम घडवणाऱ्याचे नाव डब्यावर आणि माहितीपुस्तिकेत छापायचे, हे तिने पहिल्यापासून पाळले. नावासाठी माणसे काय काय करतात, याचे हे दोन दाखले.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण घरातलेच आहे. गेम बनवणे ही आता केवळ कॅलिफोर्नियातल्या किंवा टोकियोतल्या कंपन्यांची मिरासदारी राहिलेली नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम २०२० मध्ये जगभर विक्रीला गेला. कॉलेजात शिकणारी मुलगी, आयटीत नोकरी करणारा मुलगा, त्यांचे दोन-तीन मित्र रात्री जागून गेम जुळवतात. ‘स्टीम’ या मोठ्या ऑनलाइन दुकानात एक गेम मांडायला शंभर डॉलर शुल्क भरले की पुरते. दुकान मांडणे इतके सोपे झाले आहे. अवघड आहे ते दुसरेच. मांडलेल्या मालात कुणाकुणाचा वाटा आहे, याचा हिशेब!

फुकट, पण बिनशर्त नव्हे

घरी बनवलेला गेम हा एका अर्थाने आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवासारखा असतो. भांडी एकाची, सतरंज्या दुसऱ्याच्या, लाउडस्पीकर तिसऱ्याचा. पात्रे हलवणारे ‘इंजिन’ दुसऱ्याने लिहिलेले, अक्षरांचा फाँट तिसऱ्याचा, पावसाचा आवाज बार्सिलोनातून, पार्श्वसंगीत अमेरिकेतून. यांतले बरेचसे इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि गैरसमजाला तिथूनच सुरुवात होते. विनामूल्य म्हणजे बेवारस, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक वस्तूला एक परवाना, म्हणजे लायसन्स, चिकटलेले असते. त्यात पैसे मागितलेले नसले तरी अटी असतातच.

सर्वांत साधी अट म्हणजे नाव घेण्याची. ‘गोडो’ हे लोकप्रिय इंजिन ‘एमआयटी’ नावाच्या परवान्यावर मिळते. गेम विका, हवे तेवढे पैसे कमवा, इंजिनवाल्यांना एक पैसाही देऊ नका. फक्त त्यांची स्वामित्वाची ओळ आणि परवान्याचा मजकूर गेमसोबत असू द्या. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने २००२ पासून आहेत. त्यांतला ‘बीवाय’ प्रकारही असाच. कर्त्याचे नाव, मूळ ठिकाण, परवान्याचा उल्लेख आणि काही बदल केला असल्यास तसे सांगणे, एवढेच तो मागतो. केव्हिन मॅक्लाउड हा अमेरिकी संगीतकार आपल्या शेकडो रचना याच अटीवर देतो. मेक्सिकोत तयार झालेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गाजलेल्या गेममध्येही त्याचे संगीत आहे.

पण त्याच कुळात ‘एनसी’ अक्षरांचा परवाना आहे. तो व्यापारी वापराला मनाई करतो. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’ या ध्वनिसंग्रहात दोन्ही तऱ्हांचे आवाज शेजारी शेजारी असतात. एक दार करकरल्याचा आवाज विकाऊ गेममध्ये चालतो, दुसरा चालत नाही, आणि ऐकून काही फरक कळत नाही! ‘रॉयल्टी-फ्री’ हा शब्दही असाच चकवतो. त्याचा अर्थ फुकट असा नसून, एकदा रीतसर घेतल्यावर प्रत्येक प्रतीमागे पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत, इतकाच आहे.

अक्षरांचेही तेच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फाँट ‘ओपन फाँट लायसन्स’खाली आहे. तो गेममध्ये घालून गेम विकता येतो, पण नुसता फाँट वेगळा काढून विकता येत नाही. परवान्याचा मजकूर सोबत द्यावाच लागतो. या परवान्यात एक मजेदार कलम आहे. कर्त्याने फाँटचे नाव राखून ठेवले असेल, तर आपण त्यात फेरफार करू शकतो, पण फेरफार केलेल्या फाँटला ते जुने नाव लावू शकत नाही. काम वाटून टाकले तरी नाव वाटून टाकलेले नसते.

या अटी मोडल्या तर काय होते? ‘स्कमव्हीएम’ हा जुने साहसी गेम नव्या यंत्रांवर चालवणारा प्रोग्रॅम आहे. अनेक देशांतल्या हौशी मंडळींनी तो विनावेतन लिहिला. निन्टेंडोच्या ‘वी’ या यंत्रासाठी २००८ मध्ये मुलांचे तीन जुने गेम नव्याने बाजारात आले, तेव्हा त्यांच्या पोटात हाच प्रोग्रॅम असल्याचे या मंडळींच्या लक्षात आले. श्रेयनामावलीत त्यांचा मागमूस नव्हता. त्यांचा परवाना ‘जीपीएल’ जातीचा होता. तो विक्रीला आडकाठी करत नाही, पण प्रोग्रॅमचा मूळ मसुदा आणि परवाना खरेदीदाराला मिळाला पाहिजे असे सांगतो. पंचाईत अशी की निन्टेंडोच्या करारात अशा खुल्या प्रोग्रॅमला जागाच नव्हती. म्हणजे चूक उमगल्यावर ती निस्तरण्याची वाटही बंद! अखेर २००९ मध्ये तडजोड झाली. ठरल्या मुदतीनंतर उरलेला माल नष्ट करायचा आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला देणगी द्यायची. दोन परवाने एकमेकांशी जुळतात का, हे आधी न पाहिल्याचा हा परिणाम होता.

अभंगाची तीन कुलुपे

मराठी मुले गेम बनवतील तेव्हा त्यांना आपल्याकडचे काही घालावेसे वाटणार, आणि ते वाटायलाच हवे. वारीवरचा गेम असेल तर अभंग हवाच. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो आणि नामदेव-तुकारामांना तर शतके लोटली. पण पंडित भीमसेन जोशींनी गायिलेला अभंग कॅसेटवरून उचलून गेमला जोडला, तर गोष्ट बदलते. शब्द मोकळे असले तरी चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. तिचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणावर रेकॉर्ड कंपनीचा वेगळा हक्क, तोही प्रकाशनापासून साठ वर्षे. शिवाय गायकाचे कलावंत म्हणून हक्क. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशी ही तीन कुलुपे आहेत आणि पहिले उघडे आहे म्हणून उरलेली दोन उघडी होत नाहीत. तोच अभंग नव्या चालीत, घरच्याच गळ्यातून गाऊन घेतला की मात्र कुणाची हरकत नाही. खर्चही कमी आणि गेमला स्वतःचा आवाजही मिळतो.

नियम सर्वांचे, नाव एकाचे

आता खुद्द गेमच्या नावाकडे येऊ. त्यासाठी कोलकात्याच्या दोघा भावांची गोष्ट पाहण्याजोगी आहे. रजत आणि जयंत अगरवाला यांनी ‘स्क्रॅबल’ या प्रसिद्ध शब्दखेळासारखा ऑनलाइन गेम तयार केला आणि त्याला ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव दिले. २००७ मध्ये तो फेसबुकवर आला आणि बघता बघता रोज लाखो लोक तो खेळू लागले. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रो कंपनीकडे आणि उरलेल्या जगात मॅटेलकडे. दोघींनीही कायद्याचा बडगा उगारला. जुलै २००८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात गेम बंद झाला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आला.

तो आदेश म्हणजे या विषयाचा एका प्रकरणातला धडाच आहे. स्क्रॅबलचा फलक आणि नियम यांवर मॅटेलने सांगितलेला कॉपीराइट न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केला नाही, मात्र ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरायला मनाई केली. स्क्रॅबल हा ट्रेडमार्क आहे आणि नवे नाव त्याच्याशी लोकांची गफलत व्हावी इतके जवळचे आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. भावांनी नाव बदलून ‘लेक्स्युलस’ केले. खेळ राहिला, पण ज्या नावाने तो घरोघर पोचला होता ते गेले.

थोडक्यात, खेळाची कल्पना आणि नियम यांवर सहसा कुणाची मालकी नसते. आपल्या आज्या सोंगट्या टाकून खेळत ती पचीसी घ्या. तिच्यावरून निघालेला लुडो आज कुणीही बनवावा. नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ २०१६ पासून कोट्यवधी फोनांवर गेला आहे. पण याच पचीसीचे ‘पार्चीसी’ हे रूप अमेरिकेत सेल्चो अँड रायटर कंपनीने १८७४ मध्येच ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकले होते! खेळ आपला, पण तिथल्या बाजारात ते नाव परक्याचे. मात्र नियम मोकळे आहेत याचा अर्थ हुबेहूब नक्कल मोकळी आहे असा नव्हे. ‘टेट्रिस’चे नियम, तुकडे आणि मांडणी जशीच्या तशी उचलणाऱ्या एका छोट्या कंपनीविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल दिला.

मोठ्यांनी नावावर हक्क सांगितला की तो दर वेळी रास्तच असतो असेही नाही. पॅरिसच्या मोबिगेम या छोट्या कंपनीचा ‘एज’ हा गेम २००९ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातून काढला गेला. ‘एज’ हा शब्दच आपला ट्रेडमार्क आहे, असा एकाचा दावा होता. पुढे २०१० मध्ये दुसऱ्या एका कंपनीशी झालेल्या दाव्यात अमेरिकी न्यायालयाने त्याला मनाईहुकूम नाकारला आणि २०१३ मध्ये त्या नोंदण्याच रद्द झाल्या. ‘कँडी क्रश सागा’वाल्या किंग कंपनीने २०१४ मध्ये ‘कँडी’ या रोजच्या शब्दावर हक्क सांगितला, तेव्हा इतका गदारोळ झाला की अमेरिकेतला अर्ज तिने मागे घेतला. न्याय मिळतो, पण तोवर छोट्या माणसाचा गेम दुकानाबाहेर असतो.

म्हणून गेमचे बारसे करण्यापूर्वी शोध घ्यावा. भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य घेता येतो. सॉफ्टवेअरसाठी नववा वर्ग आणि मनोरंजन सेवांसाठी एकेचाळिसावा, हे दोन तरी पाहावेत. एकट्यादुकट्या अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गाला साडेचार हजार रुपये शुल्क पडते. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. ‘टीएम’ ही अक्षरे नोंदणीआधीही लावता येतात, पण वर्तुळातले ‘आर’ नोंदणीवाचून लावणे हा आपल्या १९९९च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ही नोंदणी भारतापुरतीच असते, हेही विसरू नये.

दोन चिन्हे, दोन कायदे

काही नावे आणि चिन्हे मात्र बाजारातली नसतातच. मराठी मुलाच्या मनात पहिला गेम येतो तो बहुधा गडकिल्ल्यांचा, शिवकाळाचा. १९५०च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये त्यांचा वापर करता येत नाही. तेव्हा असा गेम विक्रीला काढण्याआधी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. भक्ती कितीही खरी असली तरी सल्ला आधी घ्यावा.

दुसरे चिन्ह लाल क्रॉसचे. गेममध्ये औषधाची पेटी दाखवायची तर आपण पांढऱ्यावर लाल अधिकचे चिन्ह काढतो. ब्रिटनमधल्या इंट्रोव्हर्शन या छोट्या कंपनीने आपल्या ‘प्रिझन आर्किटेक्ट’मध्ये रुग्णवाहिकेवर तेच काढले होते, तेही जेमतेम पाच ठिपके रुंदीचे. ब्रिटिश रेड क्रॉसने पत्र पाठवून हरकत घेतली आणि २०१७ मध्ये ते चिन्ह हिरवे झाले. पुष्कळांना तेव्हा ही हरकत हास्यास्पद वाटली. पण ते चिन्ह जीनिव्हा करारांनी राखून ठेवलेले आहे. रणांगणावर ते दिसले की गोळी झाडायची नाही, एवढा त्याचा अर्थ आहे आणि तो पातळ होऊ नये म्हणून ही कडक राखण. भारतातही १९६०च्या जीनिव्हा करार कायद्याने त्याचा अनधिकृत वापर निषिद्ध आहे. हिरवा क्रॉस काढायला काही जास्त रंग लागत नाही.

मित्रामित्रांतली लिखापढी

परक्यांचे झाले. सर्वांत कटू भांडणे होतात ती मात्र आपसात. चौघे मित्र मिळून गेम करतात. एक चित्रे काढतो, एक प्रोग्रॅम लिहितो, एक संगीत देतो, एक सगळ्यांना चहा पाजून कामाला लावतो. तोवर कागद करावा असे कुणालाच वाटत नाही, कारण मैत्रीत कागद कसला! गेम चालला नाही तर प्रश्नच नसतो. चालला की मात्र नाव कुणाचे, पैसे कुणाचे, दुसरा भाग काढायचा हक्क कुणाचा, हे सगळे एकदम उभे राहते.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा इथे सगळ्या घरांनी माहीत करून घ्यावा असा आहे. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतलेला प्रोग्रॅम केवळ पैसे दिले म्हणून आपला होत नाही, हक्क सहीनिशी लेखी हस्तांतरित व्हावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. गेम तर पहिल्या दिवसापासून जगभर विकला जाणार! उलट, नोकरीच्या ओघात केलेले काम मालकाचे असते. म्हणून हिंजवडीत दिवसा नोकरी करून रात्री गेम लिहिणाऱ्याने आपले नेमणूकपत्र एकदा नीट वाचलेले बरे. आणि याच कायद्याचे सत्तावन्नावे कलम सांगते की सगळे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा लेखकाचा हक्क उरतोच.

तरीही नावे गळतात. २०११ मध्ये ‘एल. ए. न्वार’ हा मोठा गेम आला. ऑस्ट्रेलियात तो अनेक वर्षे घडत होता आणि मध्येच काम सोडून गेलेल्या शंभरावर माणसांची नावे त्याच्या श्रेयनामावलीत नव्हती किंवा धड नव्हती. त्यांनी शेवटी स्वतःच संकेतस्थळ काढून ती प्रसिद्ध केली. पुढची नोकरी मागताना ‘तो गेम मी केला’ म्हणायचे आणि नावांत आपले नाव नाही, अशी ती अवस्था. पगार मिळालेला असतो, पण वर्षे हिशेबातून पुसली जातात. चार जणांच्या छोट्या चमूलाही हा प्रसंग चुकत नाही. चौथा मित्र सहा महिन्यांनी परीक्षेसाठी बाजूला होतो आणि शेवटच्या घाईत त्याचे नाव राहून जाते.

यावर उपाय महागडा नाही. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी, कागदाची किंवा संगणकातली. बाहेरून आणलेली प्रत्येक गोष्ट तीत त्याच दिवशी टिपावी. काय आणले, कुणाचे, कुठून, कोणत्या परवान्यावर, कोणत्या तारखेला आणि आपण काय बदलले. परवान्याची प्रतही उतरवून ठेवावी, कारण अटी बदलतात. ‘युनिटी’ या इंजिनने सप्टेंबर २०२३ मध्ये गेम यंत्रावर चढेल त्या प्रत्येक वेळेमागे शुल्क जाहीर केले आणि जगभर आरडाओरड झाल्यावर वर्षभराने ते रद्द केले. मधल्या काळात ज्यांच्याकडे जुन्या अटींची प्रत होती त्यांना निदान आपण कुठे उभे आहोत हे सांगता येत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र किंवा आवाज करून घेतला असेल तर तेही टिपावे. ‘स्टीम’ २०२४ पासून त्याची माहिती मागते. वहीचे दुसरे पान माणसांचे. कुणी काय केले, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि नाव कसे लिहायचे, हे ज्याचे त्यालाच विचारून. गेम तयार होतो तेव्हा या दोन पानांची मिळून श्रेयनामावली आपोआप तयार झालेली असते.

ती वाचणार कोण, असे मुले विचारतील. बहुतेक जण वाचणार नाहीत, हे खरेच आहे. नाट्यगृहातही त्या मिनिटात लोक खुर्च्याच शोधत असतात. पण विंगेत मेकअप पुसायच्या रुमालासकट उभा असलेला रंगभूषाकार आपले नाव ऐकतो आणि मागच्या रांगेत बसलेली त्याची बायको मुलाला कोपराने ढोसून सांगते, ‘ऐकलंस? बाबांचं नाव घेतलं.’ घरातल्या मुलाने गेम पूर्ण केल्याचे सांगितले की तो कसा दिसतो हे पाहूच, पण शेवटची नावेही उघडायला सांगावीत आणि एकदा मोठ्याने वाचून घ्यावीत.